देव धरायचा हात

नागपंचमीच्या आदल्या दिवशी वीरण्णा हलकुडे म्हशीपुढं पेंडीचं घमेलं ठेवायला वाकला तो तसाच आडवा झाला. तोंड वाकडं, डावं अंग लुळं. उदगीरला दवाखान्यात नेईपर्यंत दुपार टळली. लवकर आणायला पाहिजे होतं, असं डॉक्टर म्हणाले. लवकर म्हणजे कधी, हे विचारायची कुणाला शुद्ध होती?

डोक्याचा फोटो काढायच्या खोलीत नेताना तिथल्या माणसानं गळ्यातलं सगळं उतरवायला सांगितलं. गळ्यात होती लिंगाची चांदीची डबी. वीरण्णाला आठव्या वर्षी दीक्षा झाली, तेव्हापासून ती अंगावरून उतरली नव्हती. अंघोळीत नाही, आजारात नाही, लग्नाच्या हळदीतसुद्धा नाही. बसम्मानं ती नवऱ्याच्या गळ्यातून काढली आणि स्वतःच्या डबीशेजारी आपल्या गळ्यात घातली. बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या दोन्ही डब्या तिनं पदराखाली मुठीत धरून ठेवल्या. डॉक्टर काय म्हणतात यापेक्षा आपण दोन देव सांभाळून आहोत याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

बारा दिवसांनी घरी आणलं. पाय निम्मा परत आला होता, भिंत धरून संडासापर्यंत जाता येत होतं. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. हात मात्र खांद्यातून कुणी दुसऱ्याचा आणून लावावा तसा लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे वीरण्णानं अंघोळ करवून घेतली, भिंतीला टेकून बसला आणि डबी उघडायला लावली. पंचावन्न वर्षांचा नेम. देव डाव्या तळहातावर घ्यायचा, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल वाहायचा. त्याआधी तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्यानं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला, तळहात वर केला आणि देव त्यावर ठेवला. तळहात हळूच कलला. देव घरंगळला तो बसम्मा समोर बसली होती तिच्या ओटीत पडला.

जमिनीवर पडला असता तर काय झालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. वीरण्णाच्या आज्याचं लिंग मांजरा नदीत अंघोळ करताना गेलं होतं. आज्यानं त्याच दिवशी अन्न सोडलं. अकराव्या दिवशी लोक नदीवरून परत आले ते आज्याला माती देऊनच. गावात हे सांगताना लोक अजून आवाज खाली आणतात. वीरण्णा तर आज्याचं नाव अभिमानानं घेणारा माणूस.

राजशेखर स्वामी घरचे जंगम, घराण्याचे गुरू. ते भेटायला आले तेव्हा वीरण्णानं विचारलं, उजव्या हातावर घेतला आणि बसम्मानं वाहिलं तर? स्वामी बिचारे भले माणूस, पण त्यांचाही इलाज नव्हता. डावा हात हेच देवाचं आसन, म्हणाले. आजारी माणसानं मनानं पूजा केली तरी पोचते. डबीला विभूती लावायची आणि जेवायचं.

"मनानं जेवन होत न्हाई," वीरण्णा म्हणाला, "पूजा कशी हुईल?"

पण गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या. बसम्मा रोज डबीला विभूतीचं बोट लावी आणि भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढं ठेवी. तो खाली मान घालून खाई. डाव्या गालात घास अडकून राही, ओठाच्या कडेनं दूध येई आणि बसम्मा ते पदरानं पुसून टाकी. चोरून खाणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते तिनं या वयात नवऱ्याच्या तोंडावर पाहिलं.

पोळा झाल्यावर शिवानी येऊ लागली. लातूरकडची पोरगी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून गावोगाव स्कूटीवर फिरून लकव्याच्या माणसांना घरी व्यायाम शिकवायची. दर पंधरा दिवसांनी यायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मामा, ह्या हातानं तुम्हाला पहिलं काय करायचंय?" लोक तिला बटण लावायचंय म्हणत, तंबाखू मळायचीय म्हणत.

"देव धरायचाय," वीरण्णा म्हणाला.

ती हसली नाही. तिनं त्याला डोळे मिटायला लावले आणि तळहातावर आधी लिंबू, मग किल्ली, मग बसम्माची बांगडी ठेवली. काय ठेवलंय ते त्याला एकदाही सांगता आलं नाही. काही ठेवलंय हेसुद्धा कळत नव्हतं. शिवानीनं समजावून सांगितलं, की हात हलायला लागेल, पण हाताला कळायला वेळ लागेल, कदाचित कळणारही नाही. तोवर डोळ्यानं धरायचं. नजर हटली की वस्तू गेली. आणि हाताची एक खोड ध्यानात ठेवायची. दचकला, घाबरला, की हा हात आपोआप मिटणार. मिटला तर बोटं ओढायची नाहीत. कोमट पाणी सोडायचं आणि वाट बघायची.

बसम्मालाही ती बोलली. सदऱ्याची बटणं तुम्ही लावता, तांब्या तुम्ही तोंडाला लावता, अशानं हात कधी शिकणार?

"सोयाबीन उभंय, बाई," बसम्मा म्हणाली. "त्यांचं त्यांनी बटन लावस्तोवर माझं दोन सरी काढून होतंय."

ते खरंच होतं. यंदा पाऊस लांबला होता. शेंगा वाळल्या आणि वरून पुन्हा भुरभुर. माणसं मिळत नव्हती. मुलगा संगमेश्वर दुसऱ्याच्या मळणीयंत्रावर बांधलेला, तो रात्री यायचा ते भुशानं पांढरा होऊन. काढणी बसम्मा आणि सून मंजुश्री, दोघींच्याच अंगावर. उजाडायला विळे घेऊन निघायच्या, त्या दिवेलागणीला यायच्या. वीरण्णाजवळ तांब्या, काठी आणि प्लास्टिकचं भांडं ठेवून जायच्या.

घरात दिवसभर एकटा बसलेला शेतकरी म्हणजे काय, ते तसं बसल्याशिवाय कळत नाही. बाहेरून ट्रॅक्टर जाई, वीरण्णा आवाजावरून ओळखे कुणाचा. ढग आले की तो भिंत धरून दारापर्यंत जाई आणि आभाळ बघत राही. केरबा शेजारी अधूनमधून ओट्यावर येऊन बसे आणि गावात कुणाकुणाला असाच झटका आला आणि ते कसे गेले ते बैजवार सांगे. एकदा म्हणाला, कबुतराचं रक्त चोळलं की हात आठ दिवसांत उठतो, आणून देऊ का? ज्या घरात अंडं कधी आलं नाही तिथं हा माणूस रक्ताची वाटी घेऊन यायला निघाला होता. वीरण्णा एवढंच म्हणाला, की तुझं तू ठेव.

एका दुपारी भांडं पायानं लोटलं गेलं आणि काठीपर्यंत हात पोचायच्या आत धोतर ओलं झालं. संध्याकाळपर्यंत तो तसाच बसून राहिला. बसम्मा मागं राहिली होती, पुढं आली मंजुश्री. तिनं एकदा खाली बघितलं, तांब्या आडवा केला आणि मोठ्यानं म्हणाली, "पाणी सांडलं जणू, मामा." फडकं घेऊन सगळं पुसून काढलं. वीरण्णा भिंतीकडं तोंड करून बसला होता. सुनेचे उपकार सासऱ्याला फार जड जातात.

त्याच आठवड्यात राजशेखर स्वामी फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आले. मठातल्या दुकानातलं कोरं लिंग होतं. तोच आकार, तोच काळा लेप, तेच वजन. "ह्याच्यावर संस्कार न्हाई झालेला," ते म्हणाले. "पडलं तर खडाच. ह्याच्यावर हात बसवा."

वीरण्णाला जणू कामधंदा मिळाला. दुहेरी गोधडी पुढं घेऊन तो उजाडल्यापासून बसे. आधी तळहात बाजेवर टेकवून अंगाचा भार टाकायचा, बोटं एकेक करून सरळ करायची, मग तळहात वर, मग त्यावर ते कोरं लिंग. सुरुवातीला ठेवलं की पडे. गोधडीवर त्याचा धप असा आवाज येई आणि वीरण्णाचे खांदे दचकत. दचकला की बोटं मिटत. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा बोटं सरळ. पुढं पुढं पाच आकडे मोजेपर्यंत राहू लागलं. मग एक नमःशिवाय. मग अकरा. दसऱ्याला शिवानी आली तेव्हा त्यानं एकशे आठ पुरे केले. घाम कानामागून ओघळत होता, हात थरथरत होता, पण तळहात सपाट होता. शिवानीनं टाळ्या वाजवल्या. बसम्मा चुलीपाशी उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला.

त्या दिवसापासून वीरण्णाची मान वर झाली. सदऱ्याची खालची दोन बटणं तो स्वतः लावू लागला. घास अडकला तर बोट घालून स्वतः काढी. संगमेश्वरला एकदा रास कशी लावायची यावरून झापलंसुद्धा. पोरगा बोलणी खाऊन हसत बाहेर आला. घरात अशी बोलणी खाऊन तीन महिने झाले होते.

आणि मग एक दिवस त्यानं जाहीर करून टाकलं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी स्वामींची पाद्यपूजा घरी असतेच. त्या दिवशी मी माझा देव काढणार. चार लोकांपुढं पूजा करणार आणि मगच जेवणार.

बसम्माची झोप उडाली. तिनं शेतातून शिवानीला फोन लावला. शिवानी म्हणाली, धरतील की मामा. घाबरले नाहीत तर नक्की धरतील. बसम्मानं फोन कमरेला खोचला आणि ओळीला लागली. पण ते 'तर' तिच्या पोटात जाऊन बसलं. कोऱ्या खड्यापुढं न घाबरणारा माणूस आपल्या देवापुढं घाबरणार नाही कशावरून? आणि चार लोकांत पडला तर हा माणूस आज्याचा नातू आहे. दवाखान्यातून ओढून आणलेला नवरा ती ताटावरून उठून जाताना बघणार होती का?

सोमवारी सकाळी न्हाणीत दगडावर बसवून तिनं त्याला अंघोळ घातली. मान घासायला म्हणून डबी गळ्यातून काढली. "सांभाळ," तो डोळ्यांतला साबण पुसत म्हणाला. "हाव," ती म्हणाली. तिच्या चोळीत कोरं लिंग फडक्यात बांधलेलं होतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. देव चोळीत गेला, खडा डबीत आला. हात पुसून तिनं डबी त्याच्या गळ्यात घातली आणि पाठीवर तांब्या ओतला. आपण काय केलं हे तिला चांगलं कळत होतं. नवरा वाचावा म्हणून देवाला फसवलं, असं तिनं मनाशी म्हटलं. देवाला की नवऱ्याला, एवढं मात्र ती मनातसुद्धा बोलली नाही.

ओसरी माणसांनी भरली. भावकीतले दहा-बारा जण, केरबा, ओट्यावर बायका. स्वामींचे पाय धुऊन झाले. वीरण्णा पाटावर बसला, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. त्यानं डबी उघडली आणि देव डाव्या तळहातावर घेतला. हात वर उचलताना कोपर हललं, बसम्मानं डोळे मिटले. उघडले तेव्हा हात छातीसमोर होता, तळहात सपाट. वीरण्णाची नजर देवावर खिळलेली. त्यानं पाणी वाहिलं, विभूती लावली, बेल वाहिला. एकशे आठ झाले. डोळ्यांतून पाणी वाहून त्याच्या मिशीत जात होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा तो नवऱ्यामाणसासारखा दिसला. बसम्माला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल.

स्वामींनी जयजयकार केला. केरबानं आपणच हात बरा केल्यासारखी मान डोलावली. वीरण्णानं देव पुसून ठेवायला म्हणून उजव्या हातात घेतला.

त्याच्या देवाच्या बुडाशी एक खळगा होता. पंचावन्न वर्षं रोज पुसताना अंगठा एकाच जागी टेकून लेप झिजलेला. अंगठा सवयीनं तिथं गेला. तिथं काही नव्हतं. सगळं गुळगुळीत. अंगठा एकदा फिरला, पुन्हा फिरला.

त्यानं मान वर करून बसम्माकडं बघितलं. ती ओट्याकडच्या दारात उभी होती आणि तिचा हात चोळीवर होता. तिनं खाली बघितलं.

वीरण्णानं खडा फडक्यात गुंडाळला, डबीत ठेवला आणि डबी मिटली. लोक पंगतीला बसले. तोही जेवला, वाढलेलं सगळं जेवला. लोक म्हणाले, आज वीरण्णाला भूक लागली.

लोक गेल्यावर तो बाजेवर पडला. बसम्मा देव ओंजळीत घेऊन त्याच्यापुढं जाऊन बसली.

"का म्हून केलीस?"

"पडला असता तर तुमी अन्न सोडलं असतं."

"पडला न्हाई की."

"पडनार न्हाई हे मला काय ठावं?"

"मला ठावं होतं," वीरण्णा म्हणाला. डाव्या हाताकडं बघत म्हणाला, "धरलं तवा हाताला कळलं न्हाई. माझा देव हाय का दगड हाय, कळलं न्हाई मला. मी रडलो बी."

ती देव त्याच्या गळ्यातल्या डबीत ठेवायला पुढं झाली. त्यानं ठेवू दिला. पण उजव्या हातानं डावा हात उचलला आणि मांडीखाली सारला.

तो हात मग तिथंच राहिला. गोधडी घडी करून ठेवलेली, ती कुणी उलगडली नाही. सदऱ्याची बटणं पुन्हा बसम्मा लावू लागली, तो लावू देई. हरभरा पेरून झाला, तो आवाजावरून ट्रॅक्टर ओळखेनासा झाला. शिवानी आली, तिनं बोटं उघडून बघितली, मनगट फिरवून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. हात मागं गेलाय, म्हणाली. काय झालं, घरात काही झालं का? वीरण्णा भिंतीकडं बघत होता. बसम्माच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण परक्या पोरीपुढं काय सांगणार, की मी तुमचं शिकवलेलं एका सकाळीत मोडलं? तिनं चहा पुढं केला.

त्या दिवसानंतर मात्र बसम्माला राहवेना. चूक आपली आहे आणि ती निस्तरायची कशी हे कळत नाही, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. भाकरी करपली तर दुसरी थापता येते. एका सकाळी अंघोळ झाल्यावर तिनं गोधडी त्याच्यापुढं अंथरली नाही. उघड्या फरशीवर त्याच्यासमोर बसली, डबी उघडली आणि देव पुढं केला.

"घ्या," ती म्हणाली. "पडला तर पडू द्या. तुमी अन्न सोडा, मी बी सोडते. पर घ्या."

वीरण्णानं तिच्याकडं बघितलं. मग मांडीखालून हात काढला. बोटं एकेक करून सरळ केली. देव उजव्या हातात घेऊन बुडाशी अंगठा फिरवला. खळगा होता. त्यानं देव डाव्या तळहातावर ठेवला.

हाताला काही कळलं नसेल, पण वीरण्णाला कळत होतं. आज खोटं काही नव्हतं, खाली गोधडी नव्हती. त्याचा श्वास मोठा झाला. हात गुडघ्यावरून वीतभर वर आला आणि थरथरायला लागला. बसम्मानं आपले हात पाठीमागं बांधून घेतले. तळहात कलला. देव करंगळीकडं सरकला. वीरण्णाच्या घशातून आवाज निघाला आणि त्याच क्षणी पाचही बोटं मिटली, घट्ट.

देव आत राहिला.

दोघंही त्या मुठीकडं बघत बसले. वीरण्णानं बोटं उघडायचा प्रयत्न केला. जितका करी तितकी मूठ आवळत होती, नखाखालचं मांस पांढरं पडलं होतं. पाणी वाहायला जागा नव्हती, बेल ठेवायला जागा नव्हती. पूजा होणार नव्हती आणि देव सुटणारही नव्हता.

"न्हाई पडला," वीरण्णा म्हणाला.

"न्हाई पडला," बसम्मा म्हणाली.

तिनं चुलीवरून कोमट पाण्याचा तांब्या आणला. त्यानं नको म्हणून मान हलवली. मिटलेली मूठ उजव्या हातानं उचलून त्यानं छातीशी धरली आणि डोळे मिटले. बाहेरून मंजुश्रीनं हाक दिली, की लाईट आली, हरभऱ्याला पाणी सोडायला निघायचं का. बसम्मा जागची हलली नाही. भाकरी टोपलीत होती, सकाळच्या गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या होत्या. ऊन उंबरा ओलांडून आत आलं, त्याच्या पायावर आलं. तांब्यातलं पाणी गार झालं, तेव्हा ती ते पुन्हा तापवायला उठली.